पुसायची बाजू

गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बारा कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांना सगळ्यांत आधी हात लागला तो मावशींचा. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी फीत कापली आणि फोटोपुरता माउसवर हात ठेवला, तोही शेपटीकडून. मावशींनी मात्र आदल्या दिवशीच, यंत्रं खोक्यांतून निघाल्या निघाल्या, बाराच्या बारा पुसून लख्ख केली होती. "सगळे माझ्या हाताखालून गेलेत," असं त्या पुढं सांगत असत, आणि त्यात तिळाएवढंही खोटं नव्हतं.

मावशी म्हणजे वाचनालयाच्या सफाईवाल्या. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगात वाचनालयानं दिलेला निळा डगला, डाव्या खांद्यावर पिवळं फडकं. हे फडकं त्यांच्या अंगाचाच भाग होऊन बसलं होतं. एकदा शेजारच्या लग्नाला त्या फडक्यासकट गेल्या, तर नवरदेवाच्या मामानं त्यांना टेबलं पुसायला पिटाळलं. मावशींनी चार टेबलं पुसली, पाचव्यावर बसून पोटभर जेवल्या आणि मामालाच म्हणाल्या, "भाऊ, पाणी आणा जरा." मामानं आणलं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आता पोराटोरांच्या हातात फोन असतो आणि त्यात सगळं जग असतं. तेव्हा फोन होते, पण त्यांना नुसती आकड्यांची बटणं, आणि तेही घरटी एक. कॉम्प्युटर बघायचा तर वाचनालयाचा जिना चढायचा आणि काचेच्या दारातून आत डोकावायचं. आत शिरायचं तर नियम होते.

नियम केले होते ग्रंथपालांनी. गावात त्यांना गप्पसाहेब म्हणत, कारण "गप्प!" हा एक शब्द ते दिवसातून शंभरदा उच्चारत आणि बाकीचे शब्द जपून ठेवत. घरी बायकोशी बोलतानाही ते पुटपुटतात, अशी वदंता होती. खरं-खोटं बायकोला माहीत. पण तीही हळूच बोलायची, त्यामुळं नीट कळलं नाही. तर गप्पसाहेबांनी कॉम्प्युटरच्या खोलीसाठी अकरा नियम केले आणि मोठ्या फळ्यावर रंगवून दाराशेजारी लावले. त्यातला सातवा नियम असा: "वाचनालयाचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांना संगणक वापरता येणार नाहीत."

आता गंमत म्हणा, नाहीतर दैवाचा खट्याळपणा म्हणा, हा फळा रंगवला होता मावशींच्याच नवऱ्यानं. ते पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांचे फळे, ट्रकच्या मागची फुलं, सगळं त्यांच्या हातचं. अक्षर असं की दुकानात माल नसला तरी गिऱ्हाईक पाटी बघायला थांबावं. सातवा नियम त्यांनी निळ्या रंगात लिहिला, वर पांढरी सावली दिली आणि लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरून स्वतःच वाचला.

"काय हो, हा नियम आपल्यालाच की," मावशी म्हणाल्या.

"असू दे. अक्षर बघ कसं उठलंय."

ते त्यांचं शेवटचं मोठं काम. त्यानंतर बाजारात छापील पाट्यांचं दुकान निघालं. तिथं कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवून तासाभरात पाटी हातात द्यायचे. पेंटरांचे डबे हळूहळू वाळायला लागले. कॉम्प्युटर हा शब्द घरात निघाला की ते ब्रश जरा जोरातच आपटायचे.

यांना मुलगी एकच. घरात तिला बारकी म्हणत. अंगानं बारीक, बोटं लांब आणि चपळ. शाळेत हुशार होती, पण शाळा संपल्यावर पुढचं जमलं नाही, म्हणून ती बुटांची खोकी दुमडायच्या कारखान्यात जायची. सपाट पुठ्ठा घ्यायचा, चार घड्या, दोन खाचा, झालं खोकं. दिवसाला सहाशे. बोटांच्या टोकांना पुठ्ठ्यानं कापल्याच्या बारीक रेषा. एकदा एका कचेरीत ती कामाला विचारायला गेली होती. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कॉम्प्युटर येतो?" बारकी म्हणाली, "नाही." बाई म्हणाल्या, "मग?" तिनं घरी येऊन सगळं सांगितलं, आणि ते 'मग' मावशींच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

अशात वाचनालयाच्या सूचनाफलकावर कागद लागला. शेजारच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला रुग्णांची नोंद करायला माणसं हवी होती. वीस जणांना सहा महिने तिथंच ठेवून शिकवणार, मग नोकरी. वयाची अट विशीच्या आत. परीक्षा एकच: दिलेलं पान वीस मिनिटांत कॉम्प्युटरवर टाइप करायचं. जागा कोणती, तर हेच वाचनालय, वरचा मजला. परीक्षेला पाच आठवडे होते. बारकीला वीस पुरी व्हायला सात. म्हणजे ही गाडी चुकली की पुढची नव्हतीच.

मावशींनी तो कागद तीनदा पुसला. पुसायचं निमित्त, वाचायचं काम.

ज्यांच्या घरी पैसा होता, त्यांची मुलं बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागली. ज्यांच्याकडं वाचनालयाचं कार्ड होतं, ती वरच्या मजल्यावर तास लावून बसू लागली. परीक्षा हॉस्पिटलची होती, पण सरावाला बारकीला सातवा नियम आडवा. वरच्या मजल्यावर शिकवायला एक तरुण बाई असत, त्यांना सगळे कॉम्प्युटरबाई म्हणत. स्वभावानं गोड. त्यांना नुसतं विचारलं असतं तर त्यांनी कीबोर्डचं छापील चित्र हसत हसत हातावर ठेवलं असतं. पण ज्यांना मागायची सवय नसते, त्यांना हे सुचत नाही. मावशींना दुसरंच सुचलं.

"मी आणते," त्या एका संध्याकाळी म्हणाल्या.

"काय आणतेस? कॉम्प्युटर?" पेंटरांनी विचारलं.

"त्याची बटणं कुठं कुठं आहेत ते. मी रोज पुसते. बारा वेळा पुसते. मला नाही तर कुणाला माहीत?"

मावशींची पुसायची वेळ सकाळी आठची, वाचनालय उघडायच्या आधी. वरच्या खोलीत वाचनाची जुनी टेबलं दोन रांगांत मांडली होती. टेबलं अरुंद, त्यामुळं पडदा एका अंगाला आणि कीबोर्ड त्याच्या शेजारी. खुर्च्या भिंतीच्या बाजूला. आणि त्या कुणी पळवू नयेत म्हणून गप्पसाहेबांनी त्यांना साखळी लावलेली. ती दहा वाजता सुटायची. म्हणून मावशी दाराच्या बाजूनं उभ्या राहून, टेबलावरून वाकून पुसायच्या. पहिल्या दिवसापासून तसंच. त्या बाजूनं त्यांना काही अडायचं नाही, आणि दुसरी एखादी बाजू असते हे ध्यानात यायचं कारण नव्हतं.

त्यांनी रद्दीतली पुस्तकांची जुनी कार्डं डगल्याच्या खिशात टाकली आणि रोज एक ओळ उतरवून घ्यायला लागल्या. बटणांवरची मराठी अक्षरं जरा डोक्यावर उभी दिसायची. त्या ती वाचायच्या आणि कार्डावर सरळ लिहायच्या. लिहिताना कोण अक्षर उलटं काढतं? सहा दिवसांत सहा ओळी झाल्या. मधे एकदा गप्पसाहेब अचानक वर आले.

"काय लिहिताय मावशी?"

"कुठलं बटण जास्त मळतं त्याची नोंद, साहेब."

गप्पसाहेब खूश झाले. नोंदी ठेवणाऱ्या माणसांवर त्यांचा जीव होता. "छान. पण गप्प लिहा," म्हणाले आणि गेले.

सातव्या दिवशी घरात कारखाना सुरू झाला. बारकीनं बुटांच्या खोक्यांचे उरलेले तुकडे आणले आणि एकेका बटणाची इवलीशी डबी दुमडली, अशी की दाबली की जराशी खाली जावी आणि सोडली की वर यावी. शंभराच्या आसपास डब्या. त्या एका मोठ्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवल्या. राहिली अक्षरं. मायलेकींनी पेंटरांकडं बघितलं. पेंटर खिडकीबाहेर बघत होते.

"अहो."

"मी त्या डबड्यासाठी ब्रश उचलणार नाही. ज्यानं माझा घास काढला, त्याच्या अंगावर मी नक्षी काढू?"

बारकीनं शाईचं पेन घेतलं आणि पहिलं अक्षर काढलं. तिचं अक्षर वाईट नव्हतं, पण डबी गोलसर दबली आणि शाई फुटली. पेंटर ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. दुसरं अक्षर फुटलं. तिसरं वाकडं गेलं.

"सरक," पेंटर म्हणाले. "अक्षराचा खून करू नकोस."

त्यांनी सगळ्यांत बारीक ब्रश काढला, वाळलेल्या डब्यात तेल घालून रंग जिवंत केला आणि एकेक अक्षर असं रंगवलं की जणू सराफाच्या दुकानाची पाटी. मधेच थांबले.

"अगं, हे आकडे उलटे कसे? शून्यापासून सुरू होऊन एकापर्यंत जातात?"

"तिथं तसेच आहेत."

"आणि हे लांबलचक बटण सगळ्यांत वर?"

"वरच आहे. मी काय खोटं सांगते?"

पेंटरांनी सुस्कारा टाकला. "ज्या यंत्राला माझं काम पटलं नाही, त्याला सरळ मोजता कसं येईल?" असं म्हणून त्यांनी शून्यापासून एकापर्यंत आकडे रंगवले, आणि प्रत्येकाला सावली दिली.

तर अशी ती वस्तू तयार झाली. कीबोर्ड झाला, पण पडदा कुठून आणायचा? तो झाल्या मावशी. रोज संध्याकाळी बारकी कारखान्यातून आली, चहा झाला की पुठ्ठा जमिनीवर यायचा. बारकी इकडं, मावशी समोर. शेजारी जुना पेपर. बारकीनं मजकुराकडं बघत बोटं चालवायची, आणि मावशींनी कुठली डबी दबली ते बघून अक्षर मोठ्यानं म्हणायचं.

"क. म. ल. जागा सोडली. न... चुकलीस, पडद्यावर भलतंच आलं!"

"पुस की मग, आई."

"पडदा पुसत नाही, पडदा दाखवतो. तूच पुस."

समोर बसल्यामुळं मावशींना अक्षरं उलटी दिसायची, पण वाचायला अजिबात अडायचं नाही. उलटी अक्षरं झरझर वाचायची त्यांना सवयच होती. ही सवय कुठून लागली, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

शेजारच्या खोलीत एक शिवणबाई राहायची. हात मशिनवर आणि कान सगळीकडं. तिला रोज भिंतीपलीकडून सुटी सुटी अक्षरं ऐकू यायला लागली. चौथ्या दिवशी तिनं पाण्याच्या नळावर जाहीर केलं, "मावशींच्या घरात काहीतरी मंत्रबिंत्र चाललंय. पोरीला समोर बसवतात आणि आई पुटपुटते. लग्न जमत नाही वाटतं." हे फिरून मावशींपर्यंत पोचलं, तेव्हा मावशींनी तिला हाताला धरून घरात आणलं आणि पुठ्ठ्यासमोर बसवलं.

"हा बघा मंत्र."

शिवणबाईनं पुठ्ठा बघितला, बारकीची पळणारी बोटं बघितली, आणि तिचा आवाजच बदलला. "अगं बाई, हिची बोटं तर माझ्या मशिनच्या सुईसारखी चालतात की." दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं तर ती सांगायची, "त्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे. हातानं रंगवलेला. तुमच्याकडं आहे?"

पाच आठवडे संपत आले. बारकी आता पुठ्ठ्याकडं बघायचीसुद्धा नाही. डोळे पेपरवर, बोटं आपली आपण जायची. पडदा मात्र कडक होता. एक चूक झाली की पूर्ण ओळ परत. "हॉस्पिटलात माणसाचं औषध चुकवशील," मावशी म्हणायच्या. बारकी चिडायची, रुसायची, आणि परत पहिल्यापासून सुरू करायची.

परीक्षेच्या दिवशी मावशींनी बारा कीबोर्ड नेहमीपेक्षा दुप्पट वेळ पुसले. नऊ नंबरच्या कॉम्प्युटरच्या एका बटणावर कुणीतरी सरबत सांडलेलं, ते काडीला कापूस लावून साफ केलं. हॉस्पिटलकडून परीक्षा घ्यायला मोठ्या सिस्टर आल्या होत्या. छातीवर घड्याळ टाचलेलं, आवाज असा की गप्पसाहेबांच्या वाचनालयात पुस्तकंसुद्धा दचकावीत. बारा बारा जणांना आत घेत होत्या. बारकी तिसऱ्या खेपेला. तिला मिळाला नऊ नंबर.

मावशींना पाण्याचा जग घेऊन काचेच्या दाराबाहेर उभं राहायला सांगितलं होतं. दारातून सगळ्यांचे चेहरे दिसायचे आणि टेबलांवरचे कीबोर्डही. बारकी बसली. समोर मजकुराचा कागद. सिस्टर म्हणाल्या, "सुरू!" आणि अकरा कीबोर्ड वाजायला लागले.

बारावा वाजेना.

बारकीचे हात हवेत होते. ती कीबोर्डकडं बघत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उडत चालला होता. एक बोट खाली गेलं, पडद्यावर काय आलं कुणास ठाऊक, बोट झटका बसल्यासारखं वर आलं. मावशींना काही कळेना. त्यांनी काचेला नाक लावलं आणि नऊ नंबरचा कीबोर्ड बघितला. सगळं तर जागच्या जागी होतं! लांब बटण वर, आकडे खाली, शून्यापासून एकापर्यंत. पुठ्ठ्यावर होतं तसंच. अगदी तस्सं. मग पोर थांबली का? घाबरली? विसरली? एक मिनिट गेलं. दीड गेलं.

बारकीनं मान वर केली. तिला काचेमागं आई दिसली. निळा डगला, खांद्यावर फडकं, कपाळ काचेला टेकलेलं. बारकी आईकडं बघत राहिली. मग तिनं कीबोर्डकडं बघितलं. मग परत आईकडं. आई कुठं उभी आहे, टेबलाच्या कुठल्या अंगाला, ते नीट बघितलं. आणि लहानपणी लपलेली वस्तू सापडली की तिचा ओठ एका बाजूला जसा वर जायचा, तसा गेला.

तिनं कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला, टेबलावर जागच्या जागी गरकन फिरवला, वायर मनगटावरून पलीकडं टाकली, कागदावर डोळे लावले, आणि बोटं सोडली.

मावशींना आता मात्र कीबोर्ड उलटा दिसायला लागला. क्षणभर त्यांना वाटलं, पोरीला वेड लागलं. पुढच्या क्षणाला सगळं लख्ख झालं. ती तिकडून बघते. मी इकडून बघत होते. सहा दिवस, सहा ओळी, इकडून. त्यांचा हात तोंडावर गेला आणि अर्धा जग डगल्यावर सांडला.

आत सिस्टर धावल्या. "ए मुली! हे काय? नीट ठेव तो!"

"सिस्टर, मला असाच येतो," बारकी म्हणाली. बोटं थांबली नव्हती.

"असा कुणाला येतो?"

"मला."

"हे चालणार नाही! कुणी आहे का इकडं?"

गप्पसाहेब आले. कीबोर्ड बघून त्यांच्या भुवया कपाळाच्या वर गेल्या. या माणसानं पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून शाळेच्या हेडमास्तरांना वाचनालयाबाहेर काढलं होतं. गप्पसाहेबांनी चष्मा लावला, सिस्टरांच्या हातातला परीक्षेचा कागद मागितला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग दाराबाहेर आले, स्वतःचा फळा एक ते अकरा वाचला. मावशींकडं बघितलंसुद्धा नाही. परत आत गेले.

"बाई, कीबोर्डचं तोंड कुठल्या दिशेला असावं, याबद्दल कुठंही काही लिहिलेलं नाही."

"अहो, पण हे लिहायला कशाला हवं?"

"लिहिलेलं नाही, म्हणजे मनाई नाही."

"पण साहेब..."

"गप्प!" गप्पसाहेब म्हणाले. "परीक्षा चालू आहे."

वीस मिनिटं झाली. बारकीच्या शेवटच्या तीन ओळी राहिल्या.

त्या संध्याकाळी घरात कुणाला चहा गोड लागेना. मावशी पुठ्ठ्यासमोर बसून होत्या. "मी उलटं शिकवलं तुला. तीन ओळी माझ्यामुळं गेल्या."

"रंगवलं मी," पेंटर म्हणाले. "मला आकड्यांवरून शंका आली होती. पण मला त्या यंत्राला नावं ठेवायची घाई."

"आणि दुमडलं मी," बारकी म्हणाली. "आता तिघांनी मिळून रडायचं, का पाळी पाळीनं?"

पेंटर आधी हसले. मग मावशीही हसल्या, पण डोळे पुसायला त्यांनी फडकंच वापरलं.

चौथ्या दिवशी सूचनाफलकावर यादी लागली. वीस नावं. मावशींनी खालून वाचायला सुरुवात केली, कारण वरून वाचायची छाती नव्हती. खालून दुसरं नाव बारकीचं. त्यांनी ते फडक्यानं पुसून परत वाचलं. पुसल्यावरही तिथंच होतं. पुढं कळलं ते असं: बऱ्याच जणांची पानं पुरी होती, पण चुकांनी भरलेली. बारकीच्या तीन ओळी कमी, आणि चूक एक. सिस्टर म्हणाल्या होत्या, "रुग्णाचं नाव बरोबर लिहिणारी मला हवी. कीबोर्ड कसा धरायचा ते मी शिकवीन." घरातला पडदा कडक होता, त्याचं हे फळ.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरबाई सकाळी आठलाच वर आल्या. मावशी पुसत होत्या. बाई त्यांच्या शेजारी, दाराच्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या आणि टेबलावरून वाकून बघायला लागल्या.

"मावशी, तुम्ही नेहमी इकडूनच पुसता?"

"मग कुठून पुसू? तिकडं तुमच्या खुर्च्यांना साखळी."

बाईंनी पर्समधून किल्ली काढली, पलीकडं जाऊन साखळी सोडली आणि एक खुर्ची मागं ओढली.

"या. बसा."

"मी? सातवा नियम आहे, बाई."

"तो मी बघते. बसा तुम्ही."

मावशींनी आधी खुर्ची पुसली. मग बसल्या. खाली बघितलं आणि हसत सुटल्या. "अगंबाई! सगळे सरळच उभे आहेत की इकडून!"

बाईंनी गप्पसाहेबांचं कसं मन वळवलं, ते गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघंही हळू बोलणारी माणसं. पण आठवड्याभरात पेंटरांना निरोप आला, ब्रश घेऊन या. गप्पसाहेबांनी फळ्याकडं बोट केलं. "सातवा खोडा."

"खोडला तर मधे भोक दिसेल, साहेब. सहानंतर एकदम आठ. फळ्याची शोभा जाईल. तिथं काय लिहू?"

गप्पसाहेबांनी विचार केला. नियमांच्या बाबतीत त्यांना कुठलीही जागा मोकळी सोडवत नव्हती. पेंटरांनी नवा सातवा नियम लिहिला, जुन्यापेक्षा ठसठशीत, सावलीसकट: "कीबोर्ड फिरवून वापरल्यास, उठताना पुन्हा सुलटा करून ठेवावा."

बारकी हॉस्पिटलात शिकायला गेली. दहा दिवसांनी कॉम्प्युटरबाईंनी मावशींना वरून हाक मारली. पडद्यावर पत्र होतं. "आई, इथं मला सुलटा कीबोर्ड शिकवला. चार दिवस लागले. सिस्टर म्हणतात बोटं चांगली आहेत. पण आई, इथला पडदा काही बोलत नाही. चुकलं तरी गप्प असतो. करमत नाही."

मावशींनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "मला लिहायचंय."

"सांगा, मी लिहिते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कशाला? मला येतं."

त्यांनी कीबोर्ड उचलला, फिरवला, वायर पलीकडं टाकली आणि एका बोटानं सुरुवात केली. प्रत्येक अक्षर दाबलं की सवयीनं मोठ्यानं म्हणायचं. खालच्या मजल्यावर पेपर वाचणारे लोक माना वर करून बघायला लागले. गप्पसाहेब जिना चढून दारात आले. त्यांचं तोंड उघडलं, तो एक शब्द ओठांपर्यंत आला. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मावशींच्या बोटाकडं बघितलं, आणि तोंड मिटून खाली निघून गेले.

पंधरा मिनिटं लागली. पडद्यावर उमटलं होतं, "जेवलीस का".

बाईंनी पाठवायचं बटण दाखवलं. मावशींनी ते दाबलं, उठल्या, नियमाप्रमाणं कीबोर्ड सुलटा करून ठेवला. खांद्यावरचं फडकं काढलं आणि तो सावकाश पुसला. बसायच्या बाजूनं.